ओढता येतं, पण धरता येतं का?

वाचकाचा प्रश्न

एक्केचाळीस वर्षांचे एक वाचक लिहितात: गेली सात वर्षं ते रीतसर परवाना काढून कंपाउंड (कप्प्या लावलेल्या) धनुष्याने हरणाची शिकार करतात. त्यांचं कंपाउंड 65 पौंडांचं आहे, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो. ज्यांनी त्यांना जंगलात वावरायला शिकवलं, ते वडीलधारे गृहस्थ आयुष्यभर साध्या रिकर्व्हने (कप्प्या नसलेल्या, टोकं पुढे वळलेल्या धनुष्याने) शिकार करत आले. वाचक त्यांना दादा म्हणतात. वय झाल्यामुळे यंदा दादांनी आपलं धनुष्य यांच्या हाती सोपवलं. लाकूड आणि फायबरग्लासचे थर चिकटवून केलेलं, एकसंध, आणि पात्यावर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाजूवर, हाताने लिहिलेलं: 55 पौंड, 28 इंच. तीन महिने सराव झाला. बाण सारखे डावीकडे जातात, पंधराव्या बाणापर्यंत हात थरथरायला लागतो, दोरी गालाला लागते न लागते तोच सुटते, आणि उजवा खांदा रात्री ठणकतो. हलकं धनुष्य घ्यावं असं त्यांना वाटतं. पण दादा म्हणतात, "50 च्या खाली गेलास तर जनावर जखमी होऊन पळेल. पूर्वीचे लोक शंभर-शंभर पौंड ओढायचे." हंगामाला पाच महिने आहेत. वाचक विचारतात: खाली येणं म्हणजे जनावरावर अन्याय करणं आहे का? आणि दादांना काय सांगू?

उत्तर

सगळ्यात आधी खांदा. रात्री ठणकणारा खांदा अंगावर काढू नका. आजपासून किमान दोन-तीन आठवडे ते धनुष्य ओढू नका आणि चांगल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. हात बाजूने वर उचलताना मधल्या टप्प्यात कळ येत असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगा. खांदा फिरवणाऱ्या स्नायूंपैकी एकाचा कंडरा खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून जातो. पेलत नाही इतका भार आला की आपण नकळत खांदा कानाकडे उचलतो. मग तो कंडरा त्या हाडाखाली प्रत्येक बाणागणिक चेमटत राहतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, कंडऱ्यांना महिने लागतात. म्हणून तिसऱ्या महिन्यात माणसाला वाटतं, "आता ताकद आली", आणि नेमका तेव्हाच खांदा जातो. हे मी अंगावर झेलून शिकलो आहे. तिशीत 60 पौंडांच्या हट्टापायी खांदा धरला आणि आठ महिने धनुष्य खुंटीला टांगून ठेवावं लागलं. ते आठ महिने मला कुणी परत दिले नाहीत. तुमचे जाऊ नयेत असं फार वाटतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या पत्रात तीन गोष्टी तुम्ही धरूनच चालला आहात: 65 ची सवय असलेल्याला 55 जड जायला नको, धनुष्यावर 55 लिहिलंय म्हणजे तुम्ही 55 ने मारताय, आणि 50 च्या खाली जनावर नीट मरत नाही. तिन्ही तपासून बघू.

कंपाउंडचं गणित सोपं आहे. कप्प्या वळल्या की भार उतरतो. तुमच्या 65 पौंडांच्या धनुष्यात ऐंशी टक्के भार उतरत असेल, तर पूर्ण ओढीवर तुमच्या हातात उरतात फक्त 13 पौंड. सात वर्षं तुम्ही नेम धरून उभे राहिलात ते 13 पौंडांवर. रिकर्व्हमध्ये उलटं असतं. जितकं ओढाल तितका भार वाढतो, आणि सगळ्यात जास्त भार असतो तो नेमक्या नेम धरायच्या क्षणी. म्हणजे तुम्ही 65 वरून 55 वर आलेला नाहीत, 13 वरून चौपट वर चढलेले आहात. एका उडीत. हात थरथरतो यात तुमच्या ताकदीचा कमीपणा कुठेच नाही.

दुसरी गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण तुमचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

धनुष्यावर लिहिलेला आकडा ठरावीक ओढीचा, म्हणजे दोरी ठरावीक लांबीपर्यंत मागे आणल्यावरचा असतो, प्रमाण 28 इंचांचं. त्याहून कमी ओढलं तर दर इंचामागे साधारण अडीच-तीन पौंड कमी होतात, जास्त ओढलं तर तितकेच वाढतात. आता एक काम करा. खांदा बरा झाल्यावर एक लांब बाण घ्या आणि त्यावर मार्करने अर्ध्या-अर्ध्या इंचावर बारीक रेघा मारा. कुणाचं तरी पंचवीस-तीस पौंडांचं हलकं धनुष्य मागून आणा आणि ते आरामात, खांदे खाली ठेवून, नेहमीच्या जागी, म्हणजे अँकरला, दोरी येईपर्यंत ओढा. बाजूला उभ्या माणसाला सांगा की बाणाची कुठली रेघ रायझरपाशी, म्हणजे मुठीच्या मधल्या भागापाशी, आली ते बघ. मग तेच दादांच्या धनुष्यावर करा. एकदाच, आणि बाणाचं टोक निशाणाकडे ठेवून.

माझा अंदाज असा की हलक्या धनुष्यावर तुमची ओढ 28 च्या आसपास येईल आणि दादांच्या धनुष्यावर साडेसव्वीस. भार जास्त झाला की शरीर आखूड ओढतं. कोपर मागे फिरत नाही, मान पुढे येऊन गाल दोरीला भेटायला जातो. माणसाला वाटतं अँकर झाला, पण दीड इंच राहिलेला असतो.

त्या दीड इंचाची किंमत मोजू. साडेसव्वीसवर तुमचं 55 चं धनुष्य साधारण 51 पौंडांचं होतं. शिवाय दोरी बाणाला जितक्या अंतरावर ढकलत नेते, तेही दीड इंचाने कमी झालं. भार आणि अंतर दोन्ही धरून ढोबळ हिशेब केला, तर पातीत साठलेली ताकद पूर्ण ओढलेल्या 46-47 पौंडांच्या धनुष्याइतकी भरते. म्हणजे 45 पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढून मारलंत तर बाणाला मिळणारी ताकद आजच्यापेक्षा जेमतेम दोन पौंडांनी कमी. एवढ्यासाठी तुम्ही खांदा गहाण ठेवलाय.

बाण डावीकडे का जातात तेही यातूनच कळतं. बाणाचा कडकपणा, ज्याला आपण स्पाइन म्हणतो, तो पौंडेजला, म्हणजे धनुष्याच्या पौंडांतल्या भाराला, जुळलेला असावा लागतो. तुमचे बाण 55 पौंडांसाठी निवडलेले, ताकद मिळते त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे ते रायझरला वळसा घालायला पुरेसे वाकत नाहीत आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचे बाण डावीकडे निघतात. त्यात दोरी बोटांतून सुटण्याऐवजी हात बाहेर झटकला जात असेल तर आणखी डावीकडे. तुम्ही तीन महिने नेम दुरुस्त करत बसला असाल. नेमाचा तिथे संबंधच नव्हता.

आता दादांचा मुद्दा. तो मी हलक्यात घेत नाही, कारण त्यामागे जनावराची काळजी आहे. जखमी जनावर झुडपात हरवलं तर ती रात्र शिकाऱ्याला झोपू देत नाही, आणि झोपू देऊही नये.

पण बाण मारतो कसा? गोळीच्या धक्क्याने मरतं तसं जनावर बाणाने मरत नाही. ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं धारदार पात्यांचं टोक, कापत जातं आणि दोन्ही फुप्फुसं कापली गेली की रक्त आणि श्वास सेकंदांत संपतात. त्यामुळे पहिला प्रश्न बाण कुठे लागला हा, दुसरा धार किती होती हा, तिसरा बाण किती जड होता आणि सरळ उडत होता का हा. धनुष्याचं पौंडेज त्यानंतर येतं. डुलत, शेपूट हलवत गेलेला बाण लागतो तेव्हा त्याची ताकद आत जाण्याऐवजी वाकण्यात खर्च होते. तोच हलक्या धनुष्यावरून सरळ सुटला तर जास्त खोल जातो.

45 पौंडांच्या रिकर्व्हसाठी 450 ते 500 ग्रेनचा बाण घ्या, पौंडामागे दहा ग्रेन किंवा थोडं अधिक. आपल्या मापात 29 ते 32 ग्रॅम. पुढे जड, दोनच पात्यांचं, टोकापासूनच कापत जाणारं ब्रॉडहेड. तीन-चार पात्यांची रुंद ब्रॉडहेड्स आणि लागल्यावर उघडणारी यांत्रिक ब्रॉडहेड्स कंपाउंडवाल्यांना सोडून द्या. आपल्या बाणाकडे त्यांना उघडायला आणि ओढून न्यायला लागणारी ताकद नसते. आणि धार! पाकिटातून काढलेलं ब्रॉडहेड धारदार असतं असं समजू नका. माझी कसोटी रबरबँडची आहे. एक रबरबँड दोन बोटांत ताणून धरायचा आणि ब्रॉडहेडची कड त्यावर नुसती टेकवायची, दाबायची नाही. टेकताक्षणी तटकन तुटला तर ठीक. घासावं लागलं तर परत दगडावर. ताणलेली रक्तवाहिनी बोथट कडेखालून सरकून बाजूला होते, रबरबँडसारखीच.

काही वर्षांपूर्वी मी एका सोबतिणीच्या मागे पाच हातांवर बसलो होतो. तिचं धनुष्य तिच्या ओढीवर 43 पौंडांचं. हरणी चौदा मीटरवर आडवी उभी राहिली, आणि सोबतीण दोरी गालाशी घेऊन थांबली. मी मनात चार मोजले, तेव्हा हरणीने पुढचा पाय एक पाऊल पुढे टाकला. बाण सुटला तेव्हा सुका फाटा मोडल्यासारखा बारीक आवाज झाला. हरणी दचकून आठ-दहा उड्या गेली, वळून मागे बघितलं, उभी राहिली आणि मग बसली. बाण पलीकडच्या चिखलात पिसांपर्यंत रुतलेला होता, आरपार. त्या दिवशी मला पौंडेजपेक्षा ते चार आकडे महत्त्वाचे वाटले, आणि आजही वाटतात. पुढचा पाय पुढे सरकण्याची वाट बघण्याइतका वेळ तिला धरता आलं. तुमची दोरी गालाला लागताच सुटते, म्हणजे ही वाट बघणं तुमच्या हातात राहिलेलं नाही.

वेगाचा मुद्दाही दादा काढतील, म्हणून आधीच सांगतो. अशा बाणाचा वेग सेकंदाला पन्नासेक मीटर. अठरा मीटर जायला 0.36 सेकंद. दोरीचा आवाज मात्र 0.05 सेकंदात पोचतो. उरलेल्या 0.3 सेकंदात सावध हरीण खाली दबून उडी घ्यायच्या तयारीत येतं आणि बाण वरून जातो. आता हाच बाण खरोखर पूर्ण ओढलेल्या 55 पौंडांवरून मारला, तर वेग फार तर चारेक मीटरने वाढेल. वाचले सेकंदाचे दोन-तीन शतांश. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. त्यापेक्षा चार मीटर जवळ जाणं, धनुष्य शांत करणं आणि हरीण बेसावध असताना सोडणं यातून कितीतरी जास्त मिळतं. जड बाणाने आवाजही दबतो.

राहिले पूर्वीचे लोक. दादा म्हणतात ते खोटं नाही. 'मेरी रोझ' हे इंग्रज युद्धजहाज 1545 साली बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं गेलं. त्यात शंभराहून अधिक लांब धनुष्यं सापडली, आणि त्यांचा ताण 100 पौंडांच्या वर, काहींचा 150 च्याही पुढे असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण त्या जहाजावरच्या सांगाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. खांद्याच्या टोकाचं हाड विशीच्या आसपास जुळून एकसंध होतं. तिथे नेहमीपेक्षा जास्त जणांचं ते जुळलेलंच नव्हतं. संशोधकांनी त्याचा संबंध कोवळ्या वयापासून ओढलेल्या जड धनुष्यांशी लावला. म्हणजे त्यांचे खांदे धनुष्याबरोबर वाढले आणि त्याची किंमत हाडाने मोजली. शिवाय ती धनुष्यं लढाईची. चिलखतावर, दूरवर, माणसांच्या गर्दीवर मारायची. एका हरणाच्या फुप्फुसावर नव्हे. आणि तेही लोक एकदम तिथे पोचले नव्हते. ह्यू लॅटिमर नावाच्या धर्मोपदेशकाने 1549 साली राजासमोर बोलताना आपल्या वडिलांची आठवण सांगितली होती: वडील वय आणि ताकद बघून धनुष्य घेऊन देत आणि मुलगा वाढेल तसं मोठं देत.

शिकाऱ्याचं उदाहरण हवं असेल तर इशीचं घ्या. अमेरिकेतल्या 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा हा शेवटचा माणूस 1911 साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ एकटाच बाहेर आला. आयुष्यभर धनुष्यावर जगलेला माणूस. 1916 मध्ये क्षयाने वारला, पण त्याआधी सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरला त्याने आपली विद्या दिली. त्याचं शिकारीचं धनुष्य चाळीस-पंचेचाळीस पौंडांच्या आसपासचं होतं. बाणाला ज्वालामुखीच्या काचेचं पातं, वस्तऱ्यासारखं. जनावराच्या आवाजाची नक्कल करून त्याला जवळ बोलवायचं, नाहीतर आपण सरपटत जवळ जायचं. पूर्वीच्या लोकांमध्ये हेही होते, आणि तुम्हाला जे करायचंय ते यांच्या जवळचं आहे.

मग तुमचं पौंडेज किती? आकडा मी इथून देऊ शकत नाही, तुमचा खांदा देईल. कसं विचारायचं ते सांगतो.

खुर्चीत बसा, दोन्ही पाय पुढे. धनुष्य निशाणाच्या उंचीवर धरा आणि तिथूनच सरळ मागे ओढा. आकाशाकडे उचलून, अंग झोकून ओढावं लागलं तर ते धनुष्य जड आहे. जंगलात तसं उचललंत तर हरीण तुमच्याआधी निघून जाईल. अँकरला या, दहा मोजा आणि दोरी न सोडता सावकाश परत आणा. हे परत आणणं फार महत्त्वाचं आहे. हरीण वळलं, मध्ये फांदी आली, तर बाण न मारता आवाज न करता उतरता आलं पाहिजे. ज्याला उतरवता येत नाही तो मग सोडूनच देतो, आणि जखमी जनावरं तिथून निघतात. (रिकामी दोरी मात्र कधीच सोडू नका, पाती तडकतात.) आता तीस-चाळीस बाण मारा आणि शेवटी तीच परीक्षा पाच आकड्यांची घ्या. दोन्हीत पास झालेलं पौंडेज तुमचं.

त्यातूनही दोन-तीन पौंड कमीच ठेवा असं मी म्हणेन. परीक्षा तुम्ही दिलीत ती अंग गरम असताना, टी-शर्टवर. शिकारीत दोन तास न हलता बसून, थंडीने बोटं आखडलेली असताना, जाड जाकिटातून, पहिलाच बाण मारायचा असतो. तो तुमच्या दिवसातला सगळ्यात अशक्त बाण असतो, आणि शिकारीत मोजला जातो तो तेवढाच.

खरेदीबद्दल. दुसरं एकसंध धनुष्य घेऊ नका. टेकडाउन घ्या, म्हणजे रायझरपासून पाती सुटी होणारं, आणि शक्यतो आयएलएफ जोडणीचं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची पाती एकाच रायझरवर बसतात आणि बोल्ट फिरवून आणखी दोन-चार पौंड खालीवर करता येतात. तुमच्या ओढीला 60 ते 62 इंच लांबीचं धनुष्य बरं. फार आखूड धनुष्य शेवटच्या इंचाला एकदम जड होतं आणि बोटं दोरीत चिमटतात. पहिली पाती 35 पौंडांची. खांद्याने परवानगी दिली की त्यावर सहा-आठ आठवडे घालवा: आठवड्यातून चार दिवस, थोडे बाण, आणि बाणांइतकंच नुसतं ओढून धरणं. अर्धा मिनिट धरा, एक मिनिट विश्रांती, असं सहा-सात वेळा. मग 40. एका वेळी पाच पौंडांहून मोठी पायरी नको. 40 वर वरची परीक्षा सहज जमली तर शेवटच्या टप्प्यात बोल्ट आवळून 43-44 पर्यंत जा. नाही जमली तर यंदा 40 वरच थांबा. शिकारीचे बाण शेवटच्या पौंडेजवरच घ्या, कारण पौंडेज बदललं की स्पाइन बदलते आणि आधी घेतलेले डझनभर बाण वाया जातात.

पौंडेज दुकानातल्या आकड्यावरून धरू नका. सामान तोलायचा साधा हूकचा काटा दोरीला अडकवा आणि तुमच्या ओढीच्या रेघेपर्यंत ओढून बघा. लिहिलेल्यात आणि खऱ्यात दोन-तीन पौंडांचा फरक मला अनेकदा सापडलाय. आणि परवान्याचे नियम आत्ताच वाचा. बऱ्याच ठिकाणी हरणासाठी 35 किंवा 40 पौंडांची किमान मर्यादा असते, मोठ्या जनावरांसाठी कुठे कुठे 50. ती 28 इंचांवर मोजतात की तुमच्या ओढीवर, हेही बघा. कायद्याची मर्यादा तुमच्या खांद्याच्या वर असेल तर या हंगामात रिकर्व्ह नको. कंपाउंड घेऊन जा, त्यात काही बिघडत नाही.

अंतर मात्र तुम्हाला कमी करावं लागेल, आणि याबाबतीत मी कडक आहे. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा साधारण वीस सेंटिमीटरच्या ताटलीएवढी धरा. रोज सकाळी, अंग गरम न करता, एकच बाण, त्या ताटलीवर. वहीत लिहून ठेवा. सलग तीस सकाळी ज्या अंतरावरून एकही बाण ताटलीबाहेर गेला नाही, ते तुमचं अंतर. ते बारा मीटर निघालं तर बारा. कंपाउंडवर तुम्ही तीस-पस्तीस मीटरवर मारत असाल, आता तितक्या अंतरावरचं हरीण फक्त बघायचं. जनावर आडवं किंवा किंचित पलीकडे वळलेलं असेल तरच बाण. तुमच्याकडे तोंड करून असेल, खांद्याचं हाड मध्ये येत असेल, तर नाही. खांद्याचं जाड हाड तर 55 पौंडांवरही भरवशाने फुटत नाही, म्हणून तो बाण दादांच्या धनुष्यानेही मारण्यासारखा नाही.

तुमच्यासारखीच पत्रं आणखीही येतात, म्हणून थोडं इतरांसाठी. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी 25 ते 30 पौंडांनी करावी, अंगापिंडाने कितीही दणकट असलात तरी. ओढायचे स्नायू पाठीचे असतात आणि रोजच्या कामात त्यांना हे काम पडत नाही. ज्यांची ओढ 26 इंचांची आहे, विशेषतः बुटक्या अंगाच्या स्त्री-पुरुषांनी, 45 लिहिलेलं धनुष्य आपल्या हातात 40 चंच भरतं हे लक्षात ठेवून पाती निवडावीत. साठीच्या पुढच्यांनी दरवर्षी परीक्षा नव्याने घ्यावी. गेल्या वर्षीचा आकडा या वर्षी लागू पडतोच असं नाही.

दादांचं धनुष्य विकू नका आणि कुणाकडून तासूनही घेऊ नका. कारागीर पाती तासून काही पौंड उतरवू शकतो, पण उतरवलेलं परत चढवता येत नाही, आणि त्या पात्यांवर दादांच्या हातचं अक्षर आहे. दोरी उतरवून, उन्हाच्या झळीपासून दूर, आडवं ठेवा. दोन-तीन वर्षांत तुम्ही त्या धनुष्याच्या योग्यतेला पोचलात तर उत्तमच. नाही पोचलात तरी ते तुमच्याकडेच राहील.

दादांना तोंडी पटवायला जाऊ नका. "मला जड जातंय" म्हणालात तर ते "सराव वाढव" म्हणतील, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. त्यांना आकड्यांपेक्षा डोळ्यांनी दिसलेलं पटेल. खांदा बरा होऊ द्या, 40 ची पाती हातात बसू द्या. मग तो रेघा मारलेला बाण, दोन्ही धनुष्यं आणि एक ब्रॉडहेड घेऊन त्यांच्याकडे जा. ब्रॉडहेडला धार त्यांच्याकडून लावून घ्या. इतकी वर्षं रिकर्व्हने शिकार केलेल्या माणसाच्या हाताला दगडावरचा कोन बरोबर ठाऊक असतो, आणि तो शिकण्यासारखा आहे. त्यानंतर त्यांना तुमच्या बाजूला, रायझरच्या रेषेत उभं करा. त्यांचं धनुष्य एकदा ओढा आणि कुठली रेघ दिसते ते त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. मग 40 चं ओढा, अँकरला या, आणि त्यांना दहापर्यंत मोजायला लावा.